एक सेंटिमीटरचे बारा लाख तुकडे कोणी मोजले?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: युरोपीय अवकाश संस्था म्हणते की पृथ्वीभोवती अवकाश कचऱ्याचे १ ते १० सेंटिमीटर आकाराचे सुमारे १२ लाख तुकडे फिरताहेत, आणि १ मिलिमीटर ते १ सेंटिमीटरचे तेरा कोटींहून जास्त. पण ज्यांचा नियमित माग ठेवला जातो अशा वस्तू तर ४०,००० च्या आसपासच आहेत. मग हे १२ लाख कोणी पाहिले? की आकडा ठोकून दिला आहे?

गेली बावीस वर्षं मी कक्षांचं गणित आणि कचऱ्याची मॉडेलं यातच काम करतो आहे. हा प्रश्न मला फार रास्त वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकेक करून ते १२ लाख तुकडे कोणीही मोजलेले नाहीत. पण आकडा ठोकलेलाही नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी तसं हे काम आहे. अडचण एवढीच की इथे शितं तीन वेगवेगळ्या भांड्यांतून उचलावी लागतात आणि दोन भांड्यांच्या मधल्या जागेत चमचा पोचतच नाही.

पहिलं भांडं म्हणजे कॅटलॉग. अमेरिकेच्या टेहळणी जाळ्यातली रडारं आणि दुर्बिणी ज्या वस्तूंना क्रमांक देऊन त्यांची कक्षा रोज ताजी ठेवतात त्या वस्तू. खालच्या कक्षांत ही मर्यादा साधारण १० सेंटिमीटर आणि ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर पट्ट्यात साधारण एक मीटर, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. २०२० मध्ये क्वाजालीन बेटावरचं नवं रडार सुरू झाल्यापासून खालच्या कक्षांत त्याहून लहान वस्तूही दिसू लागल्या आहेत.

१० सेंटिमीटरच का, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. टेहळणीच्या जुन्या मोठ्या रडारांची तरंगलांबी ७० सेंटिमीटरच्या घरात असते. तुकडा तरंगलांबीच्या मानाने बराच लहान झाला की परत येणारा प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घाताने घटतो. म्हणजे व्यास निम्मा झाला की प्रतिध्वनी ६४ पट क्षीण. त्यात अंतराचा चौथा घात: तुकडा दुप्पट लांब गेला की आणखी १६ पट क्षीण. त्यामुळे दिसणं हळूहळू कमी होत जात नाही, कड्यावरून कोसळावं तसं कोसळतं. १० सेंटिमीटरचा तुकडा स्वच्छ दिसणाऱ्या त्या रडारला ३ सेंटिमीटरचा तुकडा जवळजवळ नसल्यासारखाच असतो.

शिवाय कॅटलॉगमध्ये वस्तू आहे म्हणजे ती नेमकी कुठे आहे हे कळलं, असंही नाही. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या दोन ओळींच्या कक्षामाहितीत मुळातच किलोमीटरभराची चूक गृहीत धरावी लागते आणि ती दर दिवशी वाढत जाते. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियावर ७८९ किलोमीटर उंचीवर इरिडियम ३३ हा चालू संपर्क उपग्रह आणि बंद पडलेला रशियन उपग्रह कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. खुल्या माहितीवरून केलेल्या त्या दिवसाच्या गणितात या दोघांमध्ये ५८४ मीटर अंतर राहील असं आलं होतं. त्या दिवसाच्या धोकादायक जोड्यांच्या यादीत ही जोडी सगळ्यात वरही नव्हती. जवळपास पावणेबारा किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने ती दोन यंत्रं एकमेकांत घुसली. नव्या सहकाऱ्यांना मी अजूनही पहिल्या दिवशी हेच उदाहरण देतो. अंतराचा आकडा एकटा सांगायचा नाही, त्याच्या जोडीला त्यातली अनिश्चितता सांगायचीच.

आता दुसरं भांडं. तुमच्या प्रश्नातले १२ लाख मुख्यतः इथून येतात.

लहान तुकडे पाहायचे तर त्यांचा पाठलाग करून उपयोग नाही. म्हणून उलट करतात. रडारचा झोत एकाच दिशेला रोखून ठेवायचा आणि जे काही त्यातून जाईल ते टिपायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ३६ मीटर तबकडीच्या हेस्टॅक रडारने १९९० पासून हे काम केलं आहे. त्याची तरंगलांबी ३ सेंटिमीटर, म्हणजे सेंटिमीटरभराच्या तुकड्याला अगदी सोयीची. जर्मनीत वाख्टबर्गला टिरा रडार हेच करतं; कधी कधी एफेल्सबर्गची १०० मीटरची रेडिओ दुर्बीण त्याच्या जोडीला फक्त ऐकायला बसवतात. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन तर २-३ मिलिमीटरपर्यंत खाली जातं.

हेस्टॅकचा झोत किती बारीक असतो? अंशाचा जेमतेम सतरावा भाग. हजार किलोमीटर दूर त्याची रुंदी भरते एक किलोमीटर. तुकडा सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर धावतोय, म्हणजे तो झोतात असतो सेकंदाचा सातवा हिस्सा. तेवढ्यात अंतर, वेग आणि प्रतिध्वनीची ताकद टिपायची. तासन् तास बसल्यावर आलेखावर ठिपके जमतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तुकडा एकदाच गेला. तो पुन्हा आला तरी तोच होता हे ओळखता येत नाही. म्हणून या मोजणीतून ‘इतके तुकडे’ असं उत्तर येत नाही. ‘अमुक उंचीवर, अमुक क्षेत्रफळातून, अमुक वेळात इतके गेले’ असं येतं. याला आम्ही प्रवाह म्हणतो आणि आमच्या सगळ्या व्यवहाराचं चलन तेच आहे.

झोत सरळ डोक्यावर का नाही रोखत? वर्तुळाकार कक्षेतली वस्तू डोक्यावरून जाताना रडारपासून दूरही जात नसते आणि जवळही येत नसते, त्यामुळे डॉप्लर, म्हणजे वस्तूच्या जवळ-दूर जाण्याने प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणारा फरक, शून्य येतो आणि कक्षा विषुववृत्ताशी किती कललेली आहे ते कळत नाही. हेस्टॅकचा झोत बहुतेक वेळा पूर्वेला, क्षितिजापासून ७५ अंशांवर ठेवतात. एवढ्याशा तिरकेपणाने डॉप्लरमधून कक्षेच्या कलाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

या तिरकेपणाने काय मिळालं पाहा. हेस्टॅकच्या आलेखात ९०० ते १००० किलोमीटर उंचीवर आणि ६५ अंशांच्या आसपासच्या कलावर लहान ठिपक्यांचा दाट पुंजका दिसू लागला. त्या जागी एवढा मोठा स्फोट झाल्याची नोंदच नव्हती. प्रतिध्वनीचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात ते, तपासलं तर हे तुकडे वेडेवाकडे नसून गोल निघाले. कक्षेत फुटलेली वस्तू गोल तुकडे कशी देईल? उत्तर मिळालं ते सोव्हिएत संघाच्या समुद्रटेहळणीच्या उपग्रहांपाशी. त्यांत छोट्या अणुभट्ट्या असत. काम संपलं की भट्टी वरच्या कक्षेत नेऊन तिचा गाभा बाहेर टाकला जाई आणि त्या वेळी भट्टी थंड ठेवणारं सोडियम-पोटॅशियमचं द्रव मिश्रण सांडे. ते ठिपके म्हणजे त्या द्रव धातूचे थेंब. असा काही स्रोत असेल असं मोजणीआधी कोणत्याही मॉडेलमध्ये नव्हतं. मोजणी झाली म्हणून तो मॉडेलमध्ये आला. आजही तो तिथे वेगळा घटक म्हणून मांडला जातो.

रडारबद्दल एक कबुली द्यायला हवी. रडार आकार मोजत नाही, प्रतिध्वनी मोजतं. प्रतिध्वनीवरून आकार काढण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम फोडलेल्या उपग्रहांचे निवडक ३९ तुकडे घेऊन, वेगवेगळ्या कोनांतून आणि तरंगलांब्यांवर मोजून एक सरासरी वक्र बनवला आहे. म्हणजे ‘१ सेंटिमीटरचा तुकडा’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘सरासरीने एवढा प्रतिध्वनी देणारा’ एवढाच असतो. एखाद्या तुकड्याबाबत ही चूक दुप्पट-तिप्पट असू शकते. हजारो तुकड्यांच्या वितरणात ती बरीच भरून निघते.

तिसरं भांडं सगळ्यात लहान कणांचं, मिलिमीटरच्या खालचं. इथे अवकाशातून परत आणलेले पत्रे आणि काचा कामी येतात. १९८३ मध्ये चॅलेंजर यानाच्या खिडकीला पडलेला बारीक खड्डा तपासला तेव्हा त्यात टायटॅनियम सापडलं. तो रंगाचा पोपडा होता. एप्रिल १९८४ मध्ये एलडेफ नावाचा, बसएवढा, नुसता पत्रे आणि प्रयोगांच्या ताटल्या बसवलेला सांगाडा कक्षेत सोडला. तो वर्षभरात परत आणायचा होता. प्रत्यक्षात आला जानेवारी १९९० मध्ये. जवळजवळ पावणेसहा वर्षं तो वर राहिला आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तीस हजारांहून जास्त खड्डे घेऊन उतरला.

माझ्या टेबलावर प्रयोगशाळेतल्या मारा-चाचणीतला, म्हणजे वेगाने छर्रा मारून पाहिलेला, ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आहे. त्यावर छर्रा आदळला तो साबुदाण्याच्या दाण्याहून लहान होता. खड्डा मात्र अंगठा बसेल एवढा आहे आणि त्याची कड फुलाच्या पाकळीसारखी बाहेर वळून तिथल्या तिथे गोठली आहे. मागच्या बाजूला हात फिरवला की फुगवटा लागतो. तिथून आतला थर सुटायच्या बेतात होता. शाळकरी मुलं आली की मी तो त्यांच्या हातात देतो. १ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची गोळी असते १.४ ग्रॅमची. १० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने तिच्यात ७० किलोजूल ऊर्जा असते, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरने जाणाऱ्या हजार किलोच्या गाडीएवढी.

एलडेफच्या खड्ड्यांत रसायनशास्त्र शोधावं लागलं. लोह, मॅग्नेशियम सापडलं तर बहुधा नैसर्गिक उल्काकण. रंगातलं टायटॅनियम सापडलं तर माणसाचं काम. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा कण आदळला तर काहीच सांगता येत नाही. म्हणून काही पत्रे सोन्याचे होते. एलडेफची एक बाजू कायम प्रवासाच्या दिशेला आणि एक कायम मागे असे. मागच्या बाजूवर आपला कचरा आदळणारच नाही, कारण सगळा कचरा वर्तुळाकार कक्षांत असतो, असं तोपर्यंतचं मॉडेल सांगत होतं. मागच्या बाजूच्या सोन्याच्या पत्र्यांवर मानवनिर्मित कणांचे खड्डे निघाले. लंबवर्तुळाकार कक्षांत, म्हणजे भूस्थिर पट्ट्याकडे जाताना वाटेत सोडलेल्या रॉकेटांच्या मार्गांवर, बारीक कचरा होता. मॉडेल बदलावं लागलं.

ही तीन भांडी जोडायची कशी, तर फुटण्याच्या मॉडेलने. नासाचं जे सूत्र जगभर वापरतात ते इतकं सोपं आहे की पहिल्यांदा पाहिल्यावर विश्वास बसत नाही. टकरीसाठी: दोन्ही वस्तूंचं मिळून वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्या, त्याचा ०.७५ वा घात, गुणिले लांबीचा (मीटरमध्ये) उणे १.७१ वा घात, गुणिले ०.१. एवढे तुकडे त्या लांबीपेक्षा मोठे. रॉकेटच्या टप्प्याच्या स्फोटासाठी: ६ गुणिले लांबीचा उणे १.६ वा घात.

हे आपल्याच एका प्रकरणावर लावून बघू. २२ ऑक्टोबर २००१ ला पीएसएलव्ही-सी३ ने तीन उपग्रह नीट पोचवले. दोन महिन्यांनी, १९ डिसेंबरला, कक्षेत राहिलेला त्याचा चौथा टप्पा फुटला. टाक्यांत इंधन उरलेलं होतं. सूत्रात १० सेंटिमीटर घातले तर उत्तर येतं २३९. कॅटलॉगमध्ये नोंदले गेले ३०० हून अधिक. इतक्या ओबडधोबड सूत्रासाठी हे चांगलंच जमलं म्हणायचं. त्यानंतर इस्रोने काम संपल्यावर चौथ्या टप्प्यातलं उरलेलं इंधन सोडून देण्याची पद्धत बसवली. माझ्या मते कचऱ्याविरुद्धचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आजही हाच आहे.

आता ११ जानेवारी २००७. चीनने स्वतःचा फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह ८६५ किलोमीटरच्या आसपास क्षेपणास्त्राने फोडला. वस्तुमान सुमारे ९०० किलो. सूत्र सांगतं साडेआठशेच्या आसपास तुकडे. कॅटलॉगमध्ये गेले तीन हजारांवर. इथे सूत्र सपशेल चुकलं, आणि ते का चुकलं हे शोधताना आम्ही जे शिकलो ते पीएसएलव्हीच्या जमलेल्या उत्तरातून कधीच शिकलो नसतो. ते सूत्र ज्या चाचण्यांवर बेतलं होतं त्यांतले उपग्रह १९६० च्या काळातल्या बांधणीचे, धातूचे. नव्या उपग्रहांवर सोनेरी-रुपेरी पातळ पापुद्र्यांची गोधडी असते, मोठे सौरफलक असतात, कार्बन तंतूंचे सांगाडे असतात. ते फुटले की हलके, पसरट तुकडे भरपूर होतात.

म्हणून २०१४ मध्ये टेनेसीतल्या चाचणीकेंद्रात डेब्रिसॅट नावाचा ५६ किलोचा, आजच्या पद्धतीने बांधलेला नकली उपग्रह अर्ध्या किलोहून थोड्या जड गोळ्याने ६.८ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने उडवला. भोवती सगळीकडे फोमच्या जाड गाद्या लावल्या होत्या. मग वर्षानुवर्षं त्या गाद्यांचे एक्स-रे काढून, २ मिलिमीटरहून मोठा प्रत्येक तुकडा चिमट्याने सोडवून, वजन करून, त्याचं रूप नोंदवण्याचं काम फ्लोरिडा विद्यापीठात चाललं. विद्यार्थ्यांनी ते केलं. अपेक्षा होती ८५,००० तुकड्यांची. निघाले त्याच्या दुपटीहून अधिक. त्यात कार्बन तंतूंच्या सुयांसारखे तुकडे खूप. सुईला ‘आकार’ एकच कसा द्यायचा? लांबी धरली तर ती मोठी, जाडी धरली तर नगण्य, आणि ती टोकाने आदळते की आडवी यावर भोक ठरणार. गोल गोळ्या धरून केलेली आमची उपग्रहांच्या संरक्षक कवचांची गणितं इथे अडतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. १२ लाख हा आकडा असा बनतो: आजवरची सहाशेहून जास्त फुटण्याची प्रकरणं, शिवाय रॉकेटांच्या घन इंधनाच्या मोटारींतून पडलेली भुकटी, ते धातूचे थेंब, रंगाचे पोपडे, हे सगळे स्रोत मॉडेलमध्ये ‘निर्माण’ करायचे. प्रत्येक तुकड्याला वेग आणि क्षेत्रफळ-वस्तुमानाचं गुणोत्तर द्यायचं, हवेचा अवरोध, सूर्यप्रकाशाचा दाब, चंद्र-सूर्याचं ओढणं लावून आजच्या तारखेपर्यंत फिरवायचं. मग मॉडेललाच विचारायचं: हेस्टॅकचा झोत आज इकडे रोखला तर तासाला किती ठिपके दिसतील? ते खऱ्या ठिपक्यांशी ताडून बघायचं आणि स्रोतांची मात्रा दुरुस्त करायची. युरोपचं मास्टर आणि नासाचं ऑर्डेम ही दोन मॉडेलं वेगवेगळ्या वाटांनी हेच करतात. दोघांची उत्तरं सेंटिमीटरच्या आसपास बरीच जुळतात. म्हणून १२ लाखांवर माझा भरवसा आहे, तोही ‘दहा-पंधरा लाखांच्या दरम्यान कुठेतरी’ अशा अर्थाने.

तेरा कोटींवर तेवढा नाही. कारण सांगतो.

रडार २-३ मिलिमीटरला थांबतं. परत आणलेल्या पत्र्यांवर मिलिमीटरच्या वरचे आघात विरळा, कारण पत्रे लहान. आणि ते पत्रे आले सहाशे किलोमीटरच्या खालून: शटल, एलडेफ, हबल, सगळे तिथलेच. २०११ मध्ये शटल थांबली आणि परत आणण्याचा मार्गच बंद झाला. हवामानाचे, पृथ्वीनिरीक्षणाचे उपग्रह असतात ६०० ते १००० किलोमीटरवर. म्हणजे १ ते ३ मिलिमीटरचा कण, नेमक्या त्या उंचीवर, आपण थेट कधी मोजलेलाच नाही. आणि उपग्रहाला निकामी करण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्याच आकाराची: तो पुरेसा जड आहे आणि पुरेसा मुबलकही. २०१८ च्या सुरुवातीला अंतराळ स्थानकावर एक चौरस मीटरचा कचरा-संवेदक बसवला होता. २६ दिवसांनी तो बंद पडला. तोही होता ४०० किलोमीटरवर.

२३ ऑगस्ट २०१६ ला युरोपच्या सेंटिनेल-१ए उपग्रहाची वीज अचानक थोडी घटली आणि कक्षाही किंचित बदलली. उपग्रह जवळपास ७०० किलोमीटरवर. सौरफलक नीट उघडले का हे प्रक्षेपणानंतर पाहण्यासाठी त्यावर कॅमेरे होते. ते पुन्हा चालू केले. फलकावर सुमारे ४० सेंटिमीटरचा डाग दिसला. काही मिलिमीटरचा कण. कॅमेरा नसता तर कारण अज्ञात अशी नोंद होऊन प्रकरण मिटलं असतं. अशा किती नोंदी वेगवेगळ्या उपग्रहांच्या फायलींत पडून असतील हा विचार मला खरोखर अस्वस्थ करतो.

काही जणांनी चंद्रपूरबद्दलही विचारलं आहे. २ एप्रिल २०२२ ला रात्री महाराष्ट्राच्या आकाशात पेटत्या रेघा दिसल्या आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोठं धातूचं कडं, तर जवळच गोळे सापडले. ते चीनच्या चांग झेंग-३बी रॉकेटच्या फेब्रुवारी २०२१ मध्ये गेलेल्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष मानले जातात. ‘एवढी मोठी वस्तू कुठे पडणार हे आधी का सांगितलं नाही?’ कारण वरच्या हवेची घनता सूर्याच्या लहरीवर हलते आणि कोसळणारी वस्तू गिरक्या घेत असते. पडायला एक दिवस उरलेला असताना वेळेत काही तासांची चूक राहतेच. एका तासात ती वस्तू २८,००० किलोमीटर जाते. त्यामुळे गाव सोडा, खंडही नीट सांगता येत नाही. यावर उपाय एकच: इंधन राखून ठेवायचं आणि ठरवून समुद्रात उतरवायचं. ७ मार्च २०२३ ला इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा उपग्रह असाच प्रशांत महासागरावर आणला. तो ८६७ किलोमीटरवर होता. तसाच सोडला असता तर शंभर वर्षांहून जास्त फिरत राहिला असता.

पुढच्या काळाची मॉडेलं हा वेगळा विषय आहे, पण एक निष्कर्ष सांगतो, कारण त्यात इस्रोचंही गणित आहे. सहा अवकाश संस्थांनी आपापल्या स्वतंत्र मॉडेलांनी खालच्या कक्षांची पुढची २०० वर्षं चालवून पाहिली. कचरा टाळण्याचे नियम नव्वद टक्के पाळले आणि नवे स्फोट झालेच नाहीत असं धरूनही तुकड्यांची संख्या सरासरी तीस टक्क्यांनी वाढली आणि दर पाच ते नऊ वर्षांत एक पूर्ण विध्वंसक टक्कर निघाली. हे गणित हजारो उपग्रहांचे ताफे जाण्याआधीचं आहे.

स्वतः हात घालून बघायचं असेल तर खुल्या कॅटलॉगमधून १९९९-०२५ या क्रमांकाने सुरू होणारे सगळे तुकडे उतरवून घ्या, ते फेंगयुनचे. आडव्या अक्षावर प्रदक्षिणेचा काळ, उभ्या अक्षावर प्रत्येक तुकड्याचे दोन ठिपके: कक्षेचा सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा बिंदू. आडव्या पडलेल्या फुलीसारखी आकृती उमटेल, आणि फुलीच्या मधोमध जी उंची येते तिथे तो उपग्रह फुटला. मग डावा हात बघा. तो खाली वाकून आखडलेला दिसेल: तेवढा भाग हवेने आतापर्यंत ओढून नेला. उजवा हात अजून जवळजवळ सरळ आहे.